दात्याला कुत्रा चावला होता का?

माझ्या आत्याची किडनी बदलायची ठरली, तेव्हा आमच्या इंदूरच्या घरात सगळ्यात जास्त चर्चा झाली ती पैशांची आणि त्याखालोखाल रक्तगटाची. काकांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा, रक्तगट जुळत होता. ते किडनी द्यायला तयार होते. आम्हाला वाटलं, चला, अवघड काम झालं.

मग एका सकाळी रुग्णालयातल्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर ताईंनी काकांना समोर बसवलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. कधी कावीळ झाली होती का? रक्त चढवलं होतं का? अंगावर गोंदवलं आहे का? गेल्या काही महिन्यांत ताप, पुरळ? परदेश प्रवास? कुत्रा, मांजर, माकड चावलं किंवा ओरखडलं? पुढचे काही प्रश्न इतके खासगी होते की काकांनी मला ‘जरा चहा घेऊन ये’ म्हणून बाहेर पाठवलं. मी परत आले तोवर प्रश्न संपले होते आणि काकांनी सरसकट ‘नाही’ सांगून टाकलं होतं.

रात्री जेवताना ते आत्याला हळूच म्हणाले, ‘‘अगं, सत्याऐंशी साली मला कावीळ झाली होती. ते मी सांगितलं नाही.’’

‘‘का नाही सांगितलं?’’

‘‘सांगितलं आणि त्यांनी माझी किडनी नाकारली, तर तुझं काय?’’

यावर घरात कुणीच काही बोललं नाही. मलाही तेव्हा वाटलं होतं की, ही प्रश्नांची यादी म्हणजे निव्वळ कागदी सोपस्कार. एवढ्या रक्ततपासण्या होणार आहेत, काही असेल तर मशीन सांगेलच की! हा माझा गैरसमज होता. तो कसा दूर झाला आणि काकांच्या काविळीचं पुढे काय झालं, तेच आज सांगते.

अवयवासोबत काय काय येतं?

प्रत्यारोपणात आपण एक जिवंत अवयव एका शरीरातून काढून दुसऱ्या शरीरात बसवतो. त्या अवयवात दात्याचं रक्त असतं, पेशी असतात, आणि त्या पेशींमध्ये एखादा विषाणू दडून बसलेला असेल, तर तोही सोबत येतो. तुमच्याआमच्या शरीरात असे कितीतरी विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप पडून असतात. आपली प्रतिकारशक्ती त्यांना डोकं वर काढू देत नाही, म्हणून आपल्याला त्यांचा पत्ताही नसतो.

पण ज्याला अवयव मिळतो, त्याची गोष्ट वेगळी असते. नवी किडनी किंवा नवं यकृत शरीरानं परकं समजून झिडकारू नये म्हणून त्याला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली जातात, आणि तीही कायमची. सुरुवातीच्या महिन्यांत त्यांचा डोस सगळ्यात जास्त असतो. म्हणजे विषाणू घरात शिरतो नेमका त्याच वेळी, जेव्हा पहारेकऱ्यांना आपणच झोपेचं औषध दिलेलं असतं.

हे वाचून कुणी घाबरून जाऊ नये. भारतात २०२३ या एका वर्षात १८ हजारांहून जास्त अवयव प्रत्यारोपणं झाली. दात्याकडून अनपेक्षितपणे आजार येण्याचं प्रमाण अमेरिकेसारख्या बारकाईनं नोंदी ठेवणाऱ्या देशातही एक टक्क्यापेक्षा कमी आहे. डायलिसिसवर किंवा निकामी यकृतावर दिवस काढणाऱ्या माणसासाठी अवयव न मिळण्याचा धोका याच्या कितीतरी पटींनी मोठा आहे. पण ती एक टक्क्याहूनही कमी असलेली प्रकरणं वाचली की, कोऑर्डिनेटर ताई इतके खोदून खोदून प्रश्न का विचारतात, ते लख्ख समजतं.

डॅलसमधले चार रुग्ण

२००४चा मे महिना. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातला एक तरुण मळमळ, उलट्या आणि गिळायला त्रास होतोय म्हणून रुग्णालयात आला. पुढे त्याची शुद्ध हरपत गेली. स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्तस्राव दिसला, लघवीच्या तपासणीत कोकेनचे अंश सापडले. डॉक्टरांना मृत्यूचं कारण मिळालं होतं. तरुण मेंदूमृत झाल्यावर घरच्यांनी मोठ्या मनानं अवयवदान केलं. नेहमीच्या सगळ्या तपासण्या झाल्या. एचआयव्ही नाही, हेपॅटायटिस नाही.

त्याचं यकृत आणि दोन्ही किडन्या टेक्सासमधल्या डॅलस शहरात तीन रुग्णांना बसवल्या गेल्या. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाल्या, रुग्ण घरी गेले. मग महिनाभरातच एकेक जण परत येऊ लागला. थरथर, गोंधळलेपणा, झटके, आणि मग बेशुद्धी. तिघंही गेले. त्याच रुग्णालयात चौथा एक रुग्ण तशीच लक्षणं घेऊन आला, आणि त्याला तर या दात्याचा अवयव मिळालेलाच नव्हता! शोध घेतल्यावर कळलं की दात्याच्या रक्तवाहिनीचा एक तुकडा जपून ठेवला होता आणि या माणसाच्या यकृत प्रत्यारोपणात तो वापरला होता. तोही वाचला नाही.

मेंदूच्या नमुन्यांची तपासणी झाली आणि उत्तर आलं, रेबीज.

आता चौकशी उलट दिशेनं सुरू झाली. दात्याच्या ओळखीच्या लोकांशी बोलल्यावर समजलं की त्याला वटवाघूळ चावलं होतं आणि त्यानं ते बोलूनही दाखवलं होतं. ती गोष्ट अवयव काढण्याआधी प्रत्यारोपणाच्या टीमपर्यंत पोहोचलीच नाही. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त अस्वस्थ करतं ते हेच. माहिती होती, फक्त योग्य माणसाच्या कानावर गेली नव्हती.

तुम्ही विचाराल, मग प्रत्येक दात्याची रेबीजची तपासणी का करत नाहीत? कारण वेळ. हृदय आणि फुफ्फुसं शरीराबाहेर साधारण चार ते सहा तास टिकतात, यकृत आठ-बारा तास, किडनी फार तर एक-दीड दिवस. जिवंत माणसात रेबीज ठरवणाऱ्या तपासण्या मोजक्याच प्रयोगशाळांत होतात आणि एका नमुन्यावरून खात्रीनं ‘नाही’ म्हणताही येत नाही. त्यामुळे रेबीजची चाचणी नेहमीच्या यादीत नसते. तिथे असतो तो एक साधा प्रश्न, ‘कुत्रा किंवा दुसरं कुठलं जनावर चावलं होतं का?’

पुढे २०१३मध्ये असंच आणखी एक प्रकरण अमेरिकेतच उघडकीला आलं. मेरीलँडमध्ये एक किडनी मिळालेला माणूस प्रत्यारोपणानंतर जवळपास दीड वर्षानं रेबीजनं गेला. त्याच्या दात्याच्या आजाराला २०११मध्ये मासळीतून झालेली विषबाधा समजलं गेलं होतं. प्रत्यक्षात त्याला रॅकून या प्राण्याकडून रेबीज झाला होता. पण या वेळी एक गोष्ट चांगली घडली. त्याच दात्याचे अवयव मिळालेल्या बाकीच्या तिघांना लगेच शोधून लस आणि इंजेक्शनं दिली गेली, आणि ते तिघंही वाचले. म्हणजे माहिती उशिरा आली, तरी ती वाया जात नाही.

एक प्रवासी आणि भारत

रेबीजची तिसरी गोष्ट आपल्या देशाशी जोडलेली आहे. जर्मनीतली एक २६ वर्षांची तरुणी २००४च्या ऑक्टोबरमध्ये भारतात फिरून गेली होती. वर्ष संपता संपता तिचा मृत्यू झाला. तिच्याही बाबतीत अमली पदार्थांचं कारण समोर दिसत होतं, त्यामुळे कुणाला वेगळी शंका आली नाही. तिची फुफ्फुसं, यकृत, दोन्ही किडन्या, स्वादुपिंड आणि डोळ्यांची नेत्रपटलं मिळून सहा जणांना दिली गेली. काही आठवड्यांत त्यातले तिघं रेबीजनं दगावले.

यकृत मिळालेला रुग्ण मात्र वाचला. का, तर त्यानं पूर्वी कधीतरी रेबीजची लस घेतलेली होती आणि तिचं संरक्षण शरीरात शिल्लक होतं. नेत्रपटलं मिळालेल्या दोघांवरही वेळीच उपचार झाले आणि तेही सुखरूप राहिले.

नेत्रपटल म्हटलं की आपल्याला वाटतं, डोळ्याचा एवढासा पातळ पडदा, त्यात रक्तवाहिन्याही नसतात, त्यातून काय होणार? पण रेबीजचा विषाणू नसांमधून प्रवास करतो आणि नेत्रपटलात नसांचं दाट जाळं असतं. भारतातही एकाच दात्याची नेत्रपटलं मिळालेल्या दोन रुग्णांचा रेबीजनं मृत्यू झाल्याचा अहवाल १९८८मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. म्हणूनच आज नेत्रपेढ्या मृत्यूचं कारण अज्ञात असेल, मेंदूज्वर किंवा रेबीजची शंका असेल, तर डोळे स्वीकारत नाहीत. घरच्यांना कधी कधी याचा राग येतो. ‘आम्ही द्यायला तयार आहोत आणि हे नाही म्हणतात!’ पण त्या नकारामागे हा इतिहास आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या रेबीज मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात. त्यामुळे ‘दात्याला कुत्रा चावला होता का’ हा प्रश्न जर्मनीपेक्षा आपल्याकडे कितीतरी जास्त महत्त्वाचा आहे. आणि आपल्याकडेच त्याचं उत्तर सगळ्यात सहज दिलं जातं, ‘हो, पण ते काय, गल्लीतलंच पिल्लू होतं, नुसतं ओरखडलं.’

प्राण्यांचा विषय निघालाच आहे तर एक विचित्र प्रकरण सांगून पुढे जाते. २००५मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड आणि मॅसॅच्युसेट्स राज्यांत एकाच दात्याचे अवयव मिळालेल्या चौघांना एलसीएमव्ही नावाच्या विषाणूची लागण झाली आणि त्यातले तिघं गेले. हा विषाणू उंदरांमध्ये असतो, आणि धडधाकट माणसाला त्यानं बहुतेक वेळा तापासारखंच होतं. दात्याच्या शरीरात तपासणी करूनही तो सापडला नाही. सापडला तो तिच्या घरातल्या पाळीव हॅम्स्टरमध्ये! चौथ्या रुग्णाची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करून त्याला विषाणूविरोधी औषध दिलं आणि तो वाचला. घरात कुठले प्राणी आहेत, हा प्रश्न ऐकून हसू येत असेल, तर तो असा यादीत आला आहे.

‘निगेटिव्ह’ या शब्दाचा अर्थ

आता रक्ततपासणीकडे वळू या, कारण आपला सगळा भरवसा तिच्यावर असतो. दात्याची एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि हेपॅटायटिस सीची तपासणी होतेच. पण संसर्ग झाल्या दिवसापासून तो चाचणीत दिसायला लागेपर्यंत मध्ये काही काळ जातो. डॉक्टर त्याला ‘विंडो पिरियड’ म्हणतात. रक्तातल्या प्रतिपिंडांवर आधारित साध्या चाचणीत एचआयव्ही दिसायला तीन-चार आठवडे लागू शकतात आणि हेपॅटायटिस सीला तर दोन महिन्यांहून जास्त. विषाणूचा जनुकीय अंश थेट शोधणारी ‘नॅट’ ही चाचणी हा काळ बराच कमी करते, एचआयव्हीसाठी दहा-बारा दिवसांवर आणि हेपॅटायटिस सीसाठी आठवड्याभरावर आणते. कमी करते, शून्य करत नाही. आणि ही चाचणी महाग असल्यानं ती सगळीकडे होतेच असंही नाही.

अमेरिकेत २००७मध्ये शिकागोतल्या एका दात्याकडून चार जणांना एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी हे दोन्ही एकदम झाले. दात्याच्या चाचण्या निगेटिव्ह होत्या, त्या खोट्याही नव्हत्या. फक्त त्या ‘खिडकी’च्या काळात केल्या गेल्या होत्या.

चाचणी बरोबर असूनही माणूस चुकू शकतो. तैवानमध्ये २०११ साली दात्याचा एचआयव्ही अहवाल प्रयोगशाळेनं फोनवरून सांगितला. अहवाल होता ‘रिॲक्टिव्ह’, ऐकणाऱ्यानं ऐकलं ‘नॉन-रिॲक्टिव्ह’. संगणकावर पुन्हा कुणी पाहिलं नाही आणि पाच रुग्णांना त्या दात्याचे अवयव दिले गेले. एका शब्दाच्या ऐकण्यातली चूक! फोनवर गॅसचा नंबर सांगतानासुद्धा आपण तो दोनदा म्हणून घेतो.

ब्राझीलच्या रिओ दी जानेरोमध्ये तर त्याहून संतापजनक प्रकार घडला. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये बाहेर आलं की दोन दात्यांकडून सहा रुग्णांना एचआयव्हीची लागण झाली आहे. सरकारनं तपासणीचं काम एका खासगी प्रयोगशाळेला दिलं होतं. खर्च वाचवण्यासाठी तिथे चाचणीच्या रसायनांची रोजची गुणवत्ता तपासणी कमी केली गेली होती, असा आरोप पोलीस तपासात पुढे आला आणि अटकाही झाल्या. या सहा जणांचा दोष काय होता? वर्षानुवर्षं रांगेत थांबले, एवढाच.

कोरोनाच्या काळातलं मिशिगनचं उदाहरणही बोलकं आहे. रस्ते अपघातात गेलेल्या एका महिलेच्या नाकातल्या नमुन्यात कोरोना आढळला नाही, म्हणून तिची फुफ्फुसं एका रुग्णाला बसवली गेली. विषाणू नाकात नव्हता, फुफ्फुसांत खोलवर होता. ज्या रुग्णाला ती मिळाली, तो दोन महिन्यांनी गेला. फुफ्फुसं हाताळणाऱ्या सर्जनलाही लागण झाली होती, ते बरे झाले. यानंतर फुफ्फुसं घेण्याआधी आतल्या भागातला नमुनाही तपासायला सुरुवात झाली. प्रत्यारोपणातले बरेच नियम असेच बनले आहेत, कुणाच्या तरी मृत्यूनंतर.

जिवंत दाता घरातलाच असला तर?

आपल्याकडे बहुतेक किडनी आणि यकृत प्रत्यारोपणं जिवंत दात्यांकडून होतात. आई मुलाला देते, बायको नवऱ्याला देते (उलट कमी वेळा घडतं, त्यावर वेगळा लेख लिहायला हवा). यात एक मोठा फायदा असतो, घाई नसते. तपासण्यांना वेळ मिळतो, आणि शस्त्रक्रियेच्या जवळच्या दिवसांत त्या पुन्हा करता येतात. पण या पद्धतीचा एक धोकाही आहे आणि तो आमच्याच घरात जेवणाच्या ताटावर बसला होता. जिवंत दाता प्रेमापोटी खोटं बोलतो.

काविळीसारखी जुनी गोष्ट लपवली जाते, तशी कालचीही लपवली जाते. समजा, शस्त्रक्रिया सोमवारी आहे आणि दात्याला शनिवारी कणकण वाटते आहे. तारीख मोठ्या मुश्किलीनं मिळालेली, पैसे भरलेले, पाहुणे येऊन बसलेले. तो गोळी घेऊन गप्प राहतो. पण ती कणकण डेंगीची असू शकते, आणि दात्याकडून डेंगी गेल्याच्या घटना सिंगापूरमधून आणि भारतातूनही नोंदल्या गेल्या आहेत. पावसाळ्यात ज्यांच्या घरी प्रत्यारोपण ठरलं आहे, त्यांनी हे वाक्य जरूर लक्षात ठेवावं. तारीख पुढे ढकलता येते.

आमच्या घरी त्या रात्री आत्यानंच निर्णय घेतला. दुसऱ्या दिवशी तीच काकांना घेऊन कोऑर्डिनेटर ताईंकडे गेली. काका मान खाली घालून म्हणाले, ‘‘ताई, काल मी एक गोष्ट सांगितली नाही.’’ गावातले डॉक्टर एकच सुई उकळून सगळ्यांना टोचायचे, त्यानंतर गल्लीत सात-आठ जणांना कावीळ झाली होती, हेही त्यांनी सांगितलं. ताई रागावल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘काका, रोज कुणी ना कुणी असं दुसऱ्या दिवशी येतं. आलात ते बरं केलंत.’’

काकांच्या रक्तात जुन्या हेपॅटायटिस बीच्या संसर्गाची खूण सापडली. विषाणू सक्रिय नव्हता, नॅट चाचणीतही काही आलं नाही. डॉक्टरांनी समजावलं की, अशा वेळी यकृत द्यायचं असतं तर खूप जास्त विचार करावा लागला असता, कारण हा विषाणू यकृताच्या पेशींत लपून राहतो. किडनीतून तो जाण्याचा धोका फार कमी असतो. डायलिसिस सुरू झालं तेव्हाच आत्याला हेपॅटायटिस बीची लस दिलेली होती. ती कितपत लागू पडली, ते तिच्या रक्तातून मोजलं गेलं. आकडा चांगला होता. सगळ्याला तीन आठवडे जास्त लागले, पण किडनी काकांचीच बसली.

म्हणजे ज्या भीतीनं काका खोटं बोलले, ती भीतीच चुकीची होती.

पॉझिटिव्ह दाताही चालतो, तो कसा?

गेल्या दहा-पंधरा वर्षांत या क्षेत्रात झालेला सगळ्यात मोठा बदल हाच आहे. दात्यात विषाणू सापडला म्हणजे अवयव फेकून द्यायचा, हे समीकरण आता राहिलेलं नाही. हेपॅटायटिस सीवर आता गोळ्या आहेत, आठ ते बारा आठवड्यांत बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात, आणि भारतात त्या स्वस्तही मिळतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी हेपॅटायटिस सी असलेल्या दात्यांच्या किडन्या, रुग्णांची पूर्ण संमती घेऊन, हेपॅटायटिस सी नसलेल्या दहा रुग्णांना बसवल्या आणि मग औषध दिलं. २०१७मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दहाही जणांचा हेपॅटायटिस बरा झाला होता.

दक्षिण आफ्रिकेत तर याहून आधी एक धाडसी पाऊल उचललं गेलं. एचआयव्ही असलेल्या रुग्णांना तिथे किडनी मिळणं अवघड होतं, डायलिसिसही मिळत नव्हतं. केपटाऊनच्या ग्रूट स्कूर रुग्णालयात डॉ. एल्मी म्युलर यांनी २००८मध्ये एचआयव्ही असलेल्या दात्यांच्या किडन्या एचआयव्ही असलेल्याच रुग्णांना बसवायला सुरुवात केली. जगातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण १९६७मध्ये झालं, ते याच रुग्णालयात. पुढे अमेरिकेनं २०१३मध्ये कायदा बदलला आणि २०१६मध्ये तिथेही अशी प्रत्यारोपणं सुरू झाली.

फरक एवढाच आहे की, इथे विषाणू माहीत असतो. रुग्णाला आधी सांगितलेलं असतं, औषध तयार असतं. माहीत असलेल्या विषाणूशी डॉक्टर आज बऱ्याच अंशी लढू शकतात. लपवलेला किंवा न सापडलेला विषाणू मात्र अजूनही तितकाच घातक आहे.

घरी आल्यावर

शस्त्रक्रियेनंतर आत्याला जास्त त्रास झाला तो एका अगदी सामान्य विषाणूचा. त्याचं नाव सीएमव्ही. भारतातल्या बहुतेक मोठ्या माणसांच्या शरीरात तो लहानपणीच शिरलेला असतो आणि आयुष्यभर निपचित पडून राहतो. प्रत्यारोपणानंतर दात्याकडून आलेला किंवा रुग्णाच्याच शरीरातला हा विषाणू जागा होऊ शकतो. म्हणून पहिले तीन ते सहा महिने त्यासाठी गोळ्या देतात किंवा ठरावीक दिवसांनी रक्त तपासत राहतात. किडनीच्या रुग्णांत बीके नावाचा आणखी एक विषाणू असतो, त्यावर मुख्य उपाय म्हणजे प्रतिकारशक्तीची औषधं बेताबेतानं कमी करणं. हे काम डॉक्टरांचंच. आपण स्वतःहून एक गोळीसुद्धा कमी करायची नाही.

घरच्यांनी काय करायचं? आम्ही शिकलो ते सांगते. ताप आला की घरातली गोळी देऊन वाट बघायची नाही, त्याच दिवशी ट्रान्सप्लांट टीमला फोन करायचा, मग रात्रीचे अकरा का वाजलेले असेनात. जुलाब, धाप, डोकं जड होणं, बोलण्यात गोंधळ, हेही तसंच. लशींची यादी प्रत्यारोपणाआधीच पूर्ण करून घ्यायची, कारण जिवंत विषाणूंपासून बनवलेल्या काही लशी नंतर देता येत नाहीत. अवयव मिळालेल्या माणसाला कुत्रा किंवा मांजर चावलं, तर पूर्वी लस घेतलेली असली तरी पुन्हा पूर्ण कोर्स आणि सोबत जखमेभोवतीचं इंजेक्शन लागतं, हे कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना स्वतःहून सांगायचं. आणि रुग्णालयातून कधी फोन आला की ‘तुमच्या दात्याबद्दल नवी माहिती कळली आहे, तपासणीला या’, तर घाबरून तो टाळायचा नाही. मेरीलँड प्रकरणातले ते तिघं अशाच शोधाशोधीमुळे वाचले.

त्या खोलीतले प्रश्न

मेंदूमृत दात्याच्या बाबतीत हे सगळं फार कमी वेळात घडतं. आपल्या कायद्यानुसार चार डॉक्टरांच्या पथकाला मेंदूमृत्यूची तपासणी कमीत कमी सहा तासांच्या अंतरानं दोनदा करावी लागते. साधारण त्याच काळात कोऑर्डिनेटर घरच्यांशी बोलतात, त्यांची संमती घेतात आणि मग तीच यादी काढतात. कावीळ? प्रवास? गोंदण? नशा? कुत्रा?

जरा त्या खोलीची कल्पना करा. सकाळी स्कूटरवरून बाहेर पडलेला मुलगा आता परत येणार नाही, हे आईवडिलांना नुकतंच कळलं आहे. त्यात कुणीतरी विचारतं, ‘त्याला गेल्या काही महिन्यांत कुठलं जनावर चावलं होतं का?’ काहींना हा अपमान वाटतो, काहींना आठवतच नाही. आणि पंचविशीतल्या मुलाच्या बऱ्याच गोष्टी आईवडिलांना माहीतही नसतात. मी स्वतः पंचविशीत आहे, त्यामुळे हे खात्रीनं सांगते. त्या मित्रांना, रूममेटला माहीत असतात. आर्कान्साच्या तरुणाचंही तसंच झालं होतं. म्हणून अशी वेळ आलीच, तर घरच्यांनी दात्याच्या जवळच्या मित्राला किंवा मैत्रिणीला आत बोलावून घ्यायला अजिबात संकोच करू नये. खासगी उत्तर असेल तर कोऑर्डिनेटरना बाजूला घेऊन सांगता येतं, ते गुप्त ठेवलं जातं.

आत्याच्या शस्त्रक्रियेला आता चार वर्षं होतील. काकांनी तेव्हाच स्वतःच्या अवयवदानाचा फॉर्मही भरला. एक किडनी देऊन झाली तरी बाकीचं आहेच की, असं ते सगळ्यांना हसत सांगतात. त्यांच्या कपाटात एक जुनी डायरी आहे, तिच्या पहिल्या पानावर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं आहे, ‘१९८७, कावीळ. रक्त कधी चढवलं नाही. गोंदण नाही.’ ही डायरी कुठे ठेवली आहे, ते आत्याला, मला आणि समोरच्या जोशी काकूंनाही माहीत आहे.

गेल्या महिन्यात त्या पानावर एक ओळ वाढली, ‘गल्लीतल्या पिल्लानं उजव्या पायाला ओरखडलं. पाचही इंजेक्शनं पूर्ण.’ खाली तारीख, आणि शेजारी आत्याची सही. काकांच्या ‘पूर्ण’वर तिचा अजूनही विश्वास नाही, म्हणून पाचही वेळा ती स्वतः सोबत गेली होती.